कडबाकुट्टीपासून फांदीकुट्टीपर्यंत
छोट्या ट्रॅक्टरला परवडणारं यंत्र निवडण्यापूर्वी थोडा इतिहास



आपल्या शेती कार्यक्रमात फांद्यांचा चुरा करणाऱ्या यंत्राविषयी, म्हणजे चिपरविषयी, दहा मिनिटांचं भाषण झालं. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच प्रश्न आहे. "साहेब, आमच्याकडे अठरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे. त्याला चालेल असा स्वस्तातला चिपर कोणता, तेवढं नाव सांगा."

नाव सांगणं सोपं आहे, पण त्यानं तुमचं काम भागणार नाही. एका कारखान्याचं यंत्र एखाद्याच्या द्राक्षाला चांगलं चालेल आणि दुसऱ्याच्या बांधावरच्या बाभळीला दोन दिवसांत मान टाकेल. त्यापेक्षा मला वाटतं, हे यंत्र कसं घडत आलं ते आपण पाहावं. या यंत्रात जेवढे भाग आहेत, त्यातला जवळजवळ प्रत्येक भाग कुणाच्या तरी अडचणीतून आलेला आहे. कुणाचा दम संपला म्हणून एक भाग आला, कुणाचा हात गेला म्हणून दुसरा आला. स्वस्त यंत्र करताना कारखानदार यातलाच एखादा भाग गाळतो. काय गाळलंय आणि ते आपल्याला चालण्यासारखं आहे का, एवढं ओळखता आलं की निवड तुमची तुम्हालाच करता येईल.

कोयता, अडकित्ता आणि जड चाक

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी कडब्याची पेंढी ओंडक्यावर धरायची आणि कोयत्यानं तोडायची, हीच रीत. पुढं लांब दांड्याचा अडकित्ता आला. एका हातानं पेंढी सरकवायची, दुसऱ्या हातानं दांडा दाबायचा. काम चोख, पण माणूस दोन जनावरांचा चारा तोडता तोडता घामाघूम व्हायचा.

इंग्लंडात अठराव्या शतकाच्या अखेरीस घोड्यांसाठी गवत आणि पेंढा तोडायची यंत्रं निघाली. घोड्यांवर सारी शेती आणि सारी वाहतूक, त्यामुळं चारा वाया जाणं परवडत नसे. या यंत्रांतली खरी युक्ती होती जड लोखंडी चाकाची, ज्याला आपण फ्लायव्हील म्हणतो. पाती या चाकाच्या आऱ्यांवर बसवलेली. माणूस चाकाला गती देतो आणि ती गती चाक साठवून ठेवतं. पातं चाऱ्याला भिडतं त्या क्षणी माणसाच्या दंडावर सगळा जोर येत नाही, तो चाकातून येतो. दोन दातेरी रूळ चारा आपोआप आत ओढतात. म्हणजे माणसाचं काम राहिलं फक्त चाक फिरतं ठेवण्याचं आणि पेंढी लावण्याचं.

हे यंत्र आपल्या मुलखात रुजवण्याचं मोठं श्रेय लक्ष्मणराव किर्लोस्करांना जातं. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला त्यांचा जन्म. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, आणि पुढं तिथंच छोट्या कारखान्यात कडबा कापण्याची यंत्रं करायला घेतली. लोखंडी नांगराच्याही आधी त्यांनी कडबाकापणी यंत्र केलं, हे पुष्कळांना माहीत नसतं. नांगराची कथा मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. लोखंडानं जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत, त्यामुळं पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली.

कडबाकुट्टीला मात्र नांगराएवढा विरोध झाला नाही, याचं कारण मला असं दिसतं. नांगर जमिनीत काय करतो ते दिसायला हंगाम जावा लागतो. कुट्टीचा हिशोब संध्याकाळी गव्हाणीतच दिसतो. अख्खा कडबा टाकला तर बैल पाला खातो आणि बुडखे तुडवतो. कुट्टी टाकली की गव्हाण साफ. १९७२ च्या दुष्काळात तर पेंढी सोन्याच्या मोलाची झाली, तेव्हा हा फरक ज्यानं त्यानं डोळ्यांनी पाहिला.

मग चाक फिरवायला माणसाच्या जागी ऑइल इंजिन आलं. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, हळूहळू गावोगाव तारा पोचल्या, आणि इलेक्ट्रिक मोटर बसवलेली कुट्टी गोठ्यागोठ्यात दिसू लागली. यंत्र तेच, चाक तेच, पाती तीच. बदलली ती फक्त ताकद. आणि इथंच एक धोका शिरला, त्याकडे पुढं येतो.

लाकूड म्हणजे कडबा नव्हे

आमच्या भागात एका डाळिंब बागायतदारानं छाटणीच्या काड्या मोटारीच्या कडबाकुट्टीत घातल्या. अंगठ्याएवढ्या ओल्या काड्या पहिल्या दिवशी गेल्या. दुसऱ्या दिवशी जुन्या वाळलेल्या फांद्या घातल्या आणि पात्याचा बोल्ट तुटून पत्र्याला भोक पाडून गेला. समोर कुणी नव्हतं म्हणून निभावलं. कुट्टीचं पातं पातळ आणि लांब असतं. कडब्याचा आतला गाभा मऊ, ते त्याला सरसर कापतं. लाकूड घट्ट असतं, तिथं प्रत्येक काप म्हणजे पात्यावर हातोड्याचा घाव. म्हणून लाकडाच्या यंत्राचं घराणंच वेगळं आहे.

फांद्यांचे तुकडे करणारं पहिलं यंत्र जर्मनीच्या उत्तर टोकाला, मासब्युल या गावी पेटर येन्सन नावाच्या कारागिरानं १८८४ साली केलं असं मानलं जातं. त्याच सुमारास लाकडाचे तुकडे करायची गरज आणखी एका धंद्याला पडली होती, कागदाच्या. आधी कागद चिंध्यांपासून व्हायचा. मग लाकूड रसायनात शिजवून लगदा करण्याच्या रीती निघाल्या. अमेरिकेच्या टिल्घमननं १८६७ साली एका रीतीचं पेटंट घेतलं. जर्मन रसायनतज्ज्ञ कार्ल डाल याला दुसऱ्या रीतीचं पेटंट १८८४ सालीच मिळालं. ओंडका अख्खा शिजत नाही. डाळ शिजायला दाणे सारखे लागतात, तसे लाकडाचे तुकडेही सारख्या जाडीचे लागतात. म्हणून कागद गिरण्यांतून जाड पोलादी तबकडीवर आखूड, जाड पाती बसवलेली यंत्रं चालू लागली. आज ट्रॅक्टरमागं जोडायचा डिस्क चिपर हा त्याच तबकडीचा धाकटा भाऊ.

त्यात तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, तबकडी किती जड आणि किती जोरात फिरते. फिरत्या चाकात साठलेली ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढते. वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट. फेरे मिनिटाला हजारावरून सातशेवर उतरले तर ऊर्जा निम्मीच उरते. म्हणून जाड फांदी घातल्यावर यंत्राचा आवाज खाली आला की फांदी मागं घ्यावी, पुन्हा आवाज चढू द्यावा, मग घालावी. जोर करून ढकलणारा माणूस यंत्रही मोडतो आणि डिझेलही जाळतो.

दुसरी गोष्ट, फिरत्या पात्यासमोरचं स्थिर पातं. कात्रीला जशा दोन बाजू, तशीच ही दोन पाती. या दोहोंत साधारण एक ते दीड मिलिमीटर फट असावी लागते. नेमकी किती, ते यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. फट वाढली की फांदी कापली न जाता चावली जाते आणि सालीचे दोरे गुंडाळून बसतात. स्वस्त यंत्रात पुष्कळदा हे स्थिर पातं सरकवून बसवायची सोयच नसते, नुसती पट्टी वेल्डिंग करून टाकलेली असते. अशी पट्टी दिसली की ते यंत्र कितीही स्वस्त असो, घेऊ नका असं मी सांगेन.

तिसरी गोष्ट पात्याच्या पोलादाची. पातं दोन्ही बाजूंनी धारेचं असेल तर एक बाजू बोथट झाल्यावर उलटून वापरता येतं. तालुक्याच्या गावी धार लावून मिळते का, जादा पात्यांचा जोड किती रुपयांना, हे यंत्राच्या किमतीबरोबरच विचारायचं.

पातीवाल्या यंत्राशिवाय हातोडीवालं यंत्रही बाजारात आहे, त्याला श्रेडर म्हणतात. त्यात बिजागरीवर लोंबणाऱ्या लोखंडी पट्ट्या माल कुटून काढतात. माती लागलेली पऱ्हाटी, पाला, नारळाच्या झावळ्या यांना ते बरं, कारण मातीनं पात्याची धार जाते, हातोडीला फारसं काही होत नाही. पण सरळ, स्वच्छ फांद्यांना हातोडी जास्त ताकद खाते. काही यंत्रांत दोन्ही असतं. दोन्ही आहे म्हणून हुरळू नका. पंधरा-अठराच्या ट्रॅक्टरला दोन्ही एकदम ओढत नाहीत.

ट्रॅक्टरच्या पाठीमागचा दांडा

आता ताकदीचा इतिहास. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं फिरणारा सहा खाचांचा दांडा, आपल्याला जन्मापासूनचा वाटतो, पण तो ट्रॅक्टरबरोबर जन्मलेला नाही. सुरुवातीचे ट्रॅक्टर नुसते ओढायचे, नाहीतर पट्ट्यानं मळणी यंत्र फिरवायचे. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं पीटीओचा दांडा बाजारात रूढ केला. प्रत्येक कारखान्याचा दांडा निराळा, फेरे निराळे, असा गोंधळ होऊ लागला तेव्हा तिथल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेनं १९२० च्या दशकात एक प्रमाण ठरवलं. तेच पुढं मिनिटाला ५४० फेरे म्हणून जगभर स्थिरावलं. नंतर मोठ्या ट्रॅक्टरांसाठी १००० फेऱ्यांचंही प्रमाण आलं. परदेशी बनावटीचं किंवा जुनं यंत्र कुणी स्वस्तात देत असेल तर ते कोणत्या फेऱ्यांचं आहे ते आधी पाहा. हजाराचं यंत्र ५४० वर चालवलं तर वर सांगितलेला हिशोब लागू होतो. चाकात ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याहून कमी राहते, आणि मग "यंत्रात दम नाही" अशी तक्रार होते.

यंत्र पाठीवर उचलून घ्यायची तीन सांध्यांची जोडणी हॅरी फर्ग्युसनची. १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर ती आली आणि छोटा शेतकरी ट्रॅक्टरकडे वळला. चिपरच्या बाबतीत या जोडणीचा अर्थ असा, की यंत्राचं सगळं वजन तुमच्या छोट्या ट्रॅक्टरच्या मागं लोंबणार. उचलण्याची क्षमता यंत्राच्या वजनापेक्षा चांगली वर हवी, नाहीतर बांध चढताना पुढची चाकं हवेत जातील. पिनांची जाडी आणि दोन बाजूंमधलं अंतर जुळतं का, हे दुकानातच ट्रॅक्टर नेऊन पाहा. बुश घालून, ठोकून जुळवलेलं यंत्र कायम वाकडं चालतं.

आणखी एक अडचण त्या काळच्या शेतकऱ्यांनी भोगली, ती आपल्या छोट्या ट्रॅक्टरांत अजून शिल्लक आहे. जुन्या ट्रॅक्टरांत चाकं आणि पीटीओ एकाच क्लचवर. क्लच दाबला की गाडीही थांबे आणि यंत्रही. शिवाय मागं जड फिरतं चाक असेल तर ते उलट ट्रॅक्टरलाच पुढं ढकले. ब्रेक दाबलाय आणि ट्रॅक्टर पुढं जातोय, असं होई. यावर कॅनडातल्या कॉकशट कंपनीनं १९४६-४७ च्या सुमारास स्वतंत्र क्लचचा पीटीओ बाजारात आणला. ज्यांच्या ट्रॅक्टरला एकच क्लच आहे त्यांनी चिपरच्या दांड्यावर एकेरी फिरणारा क्लच, ज्याला ओव्हर-रनिंग क्लच म्हणतात, तो बसवून घ्यावाच. सायकलच्या मागच्या चाकाचं फ्रीव्हील जसं काम करतं तसंच हे. त्याबरोबर दांड्यावर शिअर बोल्ट हवा, म्हणजे फांदीत खिळा किंवा तार सापडली तर पाच-पंचवीस रुपयांचा बोल्ट तुटेल, गिअर तुटणार नाही. त्या जागी दुकानातला कोणताही कडक बोल्ट घालू नका. तो तुटत नाही, हाच त्याचा दोष.

अश्वशक्तीचंही तसंच. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनचा असतो. पीटीओला पोचते ती ताकद त्याच्या साधारण ऐंशी ते नव्वद टक्के. नेमका आकडा पाहायचा तर मध्य प्रदेशात बुदनी इथं १९५५ साली सुरू झालेली केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. तिच्या परीक्षण अहवालात पीटीओची ताकद दिलेली असते. ट्रॅक्टर विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. तो कुरकुरेल, पण मागा.

मग किती जाड फांदी? कामचलाऊ हिशोब असा धरा, की फांदीच्या दर इंचाला पीटीओची पाच ते सात अश्वशक्ती लागते. पीटीओला पंधरा अश्वशक्ती मिळत असेल तर दोन ते तीन इंच. जाहिरातीत "चार इंच" लिहिलेलं असतं ते बहुधा ओल्या, मऊ लाकडाचं. वाळलेली बाभूळ घातली तर तो चार अडीचवर येतो. आणि दोन इंची फांदीपेक्षा चार इंची फांदीत लाकूड दुप्पट नसतं, चौपट असतं, हे विसरू नका.

आपल्याकडं गरज कशी आली

पन्नास वर्षांपूर्वी कुणी आपल्या शेतकऱ्याला फांद्यांचा चुरा करायला सांगितलं असतं तर घरच्या बाईनं आधी त्याला वेड्यात काढलं असतं. सरपण सोडून चुरा? चुलीला काडी लागत होती, कुंपणाला काटी लागत होती. कापसाची पऱ्हाटी वऱ्हाडात चुलीचं मुख्य जळण होती.

मग दोन गोष्टी झाल्या. घरोघर गॅस आला आणि शिवारात बागा वाढल्या. १९९० साली राज्य सरकारनं रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू केला. माळावर आंबा, डाळिंब, बोर, चिकू उभे राहिले. नाशिक, सांगली, सोलापूरकडं द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटली जाते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. त्या काड्यांचे ढीग बांधावर पडू लागले आणि काडी ओढून त्यावर एकच उपाय होऊ लागला. त्याच काळात बागेच्या दोन ओळींतून जाणारे अरुंद, पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचे ट्रॅक्टर बाजारात वाढले. कमी ताकदीचा देशी ट्रॅक्टर ही तशी जुनी कल्पना आहे. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आखलेला आणि पंजाबात बनलेला स्वराज ७२४ हा १९७४ सालचा. पण बागेच्या मापाचा ट्रॅक्टर दाराशी आला तो अलीकडं, आणि मग त्याच्या मागं चिपर हवा असं वाटू लागलं.

पऱ्हाटीवर तर आपल्याच राज्यात बरंच काम झालं आहे. मुंबईत माटुंग्याला १९२४ साली कापसाची तंत्रज्ञान प्रयोगशाळा निघाली, तीच आजची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था. तिनं पऱ्हाटीचे तुकडे करून त्यांपासून लाकडासारखे बोर्ड बनवण्याची रीत बसवली. म्हणजे ज्याला आपण काडीकचरा म्हणतो त्याला तुकडे केल्यावर गिऱ्हाईक असू शकतं. शिवाय पऱ्हाटी शेतात उभी ठेवली की गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम करते.

आता एक दूरची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या खिशाशी निगडित आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १९७० च्या दशकात एदगार गे आणि त्यांच्यामागून लाव्हाल विद्यापीठाचे जिल लेमिय यांनी फांद्यांचा चुरा जमिनीला घालून पाहण्याचं काम केलं. त्यांनी एक मर्यादा घातली. फांदी सात सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे पावणेतीन इंचांपेक्षा बारीक हवी. झाडाची अन्नद्रव्यं साल, डिरी आणि कोवळ्या फांदीत जास्त असतात, जाड खोडात नुसतं लाकूड. म्हणजे पाहा, जमिनीला जी फांदी हवी तीच छोट्या ट्रॅक्टरला झेपते. पाच इंची खोड चिरडायचा चिपर घेण्यासाठी कर्ज काढायची गरजच नाही. जाड लाकूड वखारीला विका, नाहीतर घरच्या चुलवणाला ठेवा. दोन-अडीच इंची चांगला चिपर हा तुमचा माप. गावात मिरवायला मोठं यंत्र बरं दिसतं, पण मिरवण्याचे हप्ते बँक माफ करत नाही.

चुरा कसा वापरायचा हेही सांगून ठेवतो. झाडाच्या बुडाशी आच्छादन म्हणून पसरला तर उत्तम, खोडाला मात्र टेकवू नका. ताजा चुरा मातीत गाडू नका. लाकडात कर्ब फार आणि नत्र फार थोडं, त्यामुळं ते कुजवणारे जीवाणू मातीतलं नत्र उचलतात आणि पीक पिवळं पडतं. शेण, गोमूत्र स्लरी किंवा थोडा युरिया घालून आधी ढिगात कुजवा, मग गाडा.

परवडणं म्हणजे काय

स्वस्त आणि परवडणारं यांत फरक आहे. उदाहरणादाखल एक आकडा घेऊ. हा बाजारभाव नव्हे, हिशोबाची रीत आहे. समजा यंत्र एक लाखाचं. दहा वर्षं चाललं आणि शेवटी भंगारात दहा हजार आले, तर वर्षाची झीज नऊ हजार. सरासरी अडकलेली रक्कम पंचावन्न हजार, तिच्यावर दहा टक्क्यांनी व्याज साडेपाच हजार. पाती, पट्टे, बेअरिंग मिळून पाच हजार. शेडचे एक हजार. एकूण साडेवीस हजार, आणि यात डिझेल आणि मजुरी नाही. तुमची बाग चार एकर, काम वर्षात चार दिवस, दिवसाला सहा तास, म्हणजे चोवीस तास. तासाला साडेआठशे रुपये नुसतं यंत्र ठेवण्याचे पडले. तेच यंत्र पाच-सहा जणांत तीस दिवस चाललं तर एकशे ऐंशी तास होतात आणि तासाचा खर्च एकशे चौदावर येतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दहा एकरांच्या आत बाग असेल तर एकट्यानं चिपर घेऊ नये. गटानं घ्यावा, नाहीतर गावातल्या एखाद्या तरुणानं घेऊन भाड्यानं चालवावा. गटाचं यंत्र मोडलं की कुणाचंच नसतं, हे तुम्ही म्हणाल आणि ते खरंही आहे. त्यावर तोडगा असा, की चालवणारा एकच ठरवावा, तासाची नोंद वहीत ठेवावी आणि पात्यांचा खर्च भाड्यातूनच बाजूला काढावा. अनुदान मिळण्याची शक्यता असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती आल्यावरच खरेदी करा. आधी यंत्र आणि मग अर्ज, असं केलेल्यांचे चेहरे मी दरवर्षी कार्यालयात पाहतो. अनुदान मिळतंय म्हणून गरजेपेक्षा मोठं यंत्र घेणं हाही तोट्याचाच सौदा.

स्थानिक वर्कशॉपचं यंत्र घ्यावं की कंपनीचं? कोल्हापूरसारख्या गावी ओतकामाची परंपरा मोठी आहे, तिथं बनलेली यंत्रं दणकट असू शकतात आणि सुटे भाग दुसऱ्या दिवशी मिळतात. पण तबकडीचा तोल साधलेला आहे का, ते चालवूनच कळतं. यंत्र रिकामं पूर्ण वेगात फिरवा आणि वरच्या पत्र्यावर पाण्यानं भरलेला पेला ठेवा. पाणी नुसतं थरथरलं तर ठीक, सांडू लागलं तर बेअरिंग वर्षभरही टिकायचं नाही. पेला ठेवताना आणि उचलताना हात चुरा उडणाऱ्या तोंडापासून आणि दांड्यापासून लांब ठेवा.

हात आणि पदर

कुट्टीला मोटर लागली तेव्हा धोका शिरला असं वर म्हटलं. हातानं फिरवायची कुट्टी माणूस थांबला की थांबते. मोटारीची थांबत नाही. दातेरी रूळ चारा ओढतात तसाच हातही ओढतात. पंजाब, हरियाणात मळणी यंत्रांनी इतके हात नेले की १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांचा नियमन कायदा करावा लागला. चारा कापण्याच्या यंत्रावर दिल्लीच्या आयआयटीत दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. त्यात एक गोष्ट दिसली ती प्रत्येक आईबापानं ऐकावी. यंत्र कामात नसताना मुलं खेळ म्हणून चाक फिरवतात आणि बोटं जातात. त्यावर त्यांनी सुचवलेले उपाय अगदी साधे होते : चाक अडकवून ठेवायची खीळ, पात्यांवर झाकण, आणि हात रुळाजवळ जाण्याआधी इशारा देणारा आणखी एक रूळ.

हेच चिपरमध्ये पाहा. फांदी घालायचं तोंड लांब हवं, इतकं की माणसाचा हात पूर्ण आत गेला तरी पात्यापर्यंत पोचू नये. पत्रा वाचवण्यासाठी हे तोंड आखूड करणं ही स्वस्त यंत्राची सगळ्यांत वाईट काटकसर आहे. अडकलेली फांदी हातानं कधी काढायची नाही. इंजिन बंद, किल्ली खिशात, तबकडी पूर्ण थांबलेली, मगच झाकण उघडायचं. जड तबकडी पीटीओ बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहते.

पीटीओच्या दांड्यावर प्लॅस्टिकचं आवरण असतं, ते फुटल्यावर कुणी बदलत नाही. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. दांड्याची जाडी सात सेंटिमीटर धरली तर सेकंदाला सुमारे दोन मीटर कापड तो गुंडाळतो. पदर सोडवायला, धोतराचा सोगा ओढायला माणसाला तेवढा वेळ मिळत नाही. बायामाणसं फांद्या आणून द्यायला असतात, त्यांनी पदर खोचून, वरून शर्ट घालून, यंत्राच्या बाजूला उभं राहूनच फांदी द्यावी. चुरा उडतो त्या दिशेला कुणी नको.

शेवटी डाळिंबवाल्यांसाठी. तेल्या आलेल्या बागेच्या काड्या चिपरमधून काढून त्याच बागेत आच्छादन म्हणून पसरू नका. रोगट काड्या वेगळ्या काढून बागेबाहेर जाळाव्यात, याला दुसरी वाट नाही. निरोगी ओळींची छाटणी आधी उरकावी. भाड्याचं यंत्र दुसऱ्याच्या बागेतून आलं असेल तर तबकडी, तोंड आणि नळी झाडून, धुऊन, निर्जंतुक औषध फवारून मगच आत घ्यावं. नव्या यंत्राचे पात्यांचे बोल्ट पहिल्या तासानंतर एकदा आणि दिवस संपल्यावर पुन्हा आवळावेत.